मोटेची चकती

देवपुरात जीवरामनानांच्या मोरीत नळ आला तो त्यांच्या सुनेमुळे. पुढे सगळे हे सोयीस्कर विसरले, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं. घरामागे आड होता, आडाला लागून गोठा, आणि पावसाळ्यात गोठ्याचं पाणी वाट काढत सरळ आडात. पटकीच्या साथीत त्याच आडाचं पाणी पिऊन कुंदाबाईचा पहिला मुलगा गेला. सकाळी अंगणात खेळत होता, दिवेलागणीला नव्हता. घरातले म्हणाले, देवाची मर्जी. कुंदाबाईच्या मनात आलं, देवाला कशाला मध्ये ओढता, आडाकडे बघा की. पण ती बोलली नाही, कारण त्या घरात सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नसे.

सासू असती तर सासूच्या तोंडून बोलता आलं असतं. ती बिचारी कुंदाबाईच्या लग्नाआधीच गेलेली. नवरा अभिमन कचेरीत कारकून, शिकलेला माणूस, पण बापासमोर त्याला एकच शब्द सुचे, 'बघू'. मग मैना झाली, ती बोबडं बोलायला लागली, आणि कुंदाबाईला वाचा फुटली. 'मैना, आजोबांना सांग, ताट वाढलंय.' नाना हाताच्या अंतरावर बसलेले, कान ठणठणीत, पण नातीने पुन्हा सांगेपर्यंत त्यांना काही ऐकू येत नसे. नातीने सांगितलं की मात्र उत्तर द्यायचंच, अशी त्या घरची रीत.

नळाचं भांडणही असंच मैनेच्या तोंडून झालं. गल्लीत तोतारामच्या घरी नळ आला, आणखी दोन घरी आला, तेव्हा कुंदाबाईने रोज जेवणावेळी पोरीकडून एकच वाक्य वदवून घ्यायला सुरुवात केली, 'आजोबा, आडाचं पाणी माझा भाऊ प्याला होता.' नाना शेवटी उठले आणि नळाचा अर्ज देऊन आले. वरच्या तळ्यापासून पांझरा नदीकडे जाणाऱ्या उतारावरून नळी आली, मोरीत पितळी तोटी बसली, कुंदाबाईने तिला हळदकुंकू वाहिलं. आडाच्या दिवसांत ती मैनेचं पाणी उकळून, दुहेरी फडक्यातून गाळून देई. आता उकळणं सोडलं आणि नुसतं फडकं ठेवलं. पोर अंगाने भरली.

असं सगळं नीट चाललेलं असताना मारुतीच्या देवळात एक बुवा आले. बुवांना कथेत भक्ती सांगायची सोडून नळाची चौकशी कुणी सांगितली होती देव जाणे. ते म्हणाले, नळाच्या पोटात चामडं असतं, ते पाणी पिणाऱ्याचं सोवळं कुठे राहिलं. बायाबापड्यांनी कानांवर हात ठेवले. नाना गळ्यात माळ घातलेले, नुकतेच म्हातारपणाच्या सोवळ्यात शिरलेले. नव्याने बाटलेला जास्त बांग देतो, तशी त्यांची गत. घरी आले ते तोटीकडे संशयाने बघतच आले.

नेमकी त्याच आठवड्यात तोटी ठिबकायला लागली. नळाची कामं करणारा हनीफ फिटर गल्लीत सगळ्यांकडे येई, तसा आला. पान्याने तोटी उघडली आणि आतली झिजलेली चकती तळहातावर काढली, काळी, नाण्याएवढी.

"हाई चामडं शे का?" नानांनी विचारलं.

"चामडं नाही तर काय, नाना. साऱ्या, बठ्ठ्या गावच्या नळात हेच असतं. त्याशिवाय पाणी दबतच नाही."

मग जे झालं ते सांगायची लाज वाटते. म्हातारा मोरीतून उठला तो घशात बोटं घालतच. अंघोळ केली, तोटीवर गोमूत्र शिंपडलं, हंडे उपडे केले. हनीफला सांगितलं, या घरच्या नळात चामडं जायचं नाही, काय दुसरं घालायचं ते घाल. हनीफ म्हणाला, दुसरं टिकत नाही. नानांनी नव्या धोतराचा काठ फाडून पुढे केला. हनीफने खांदे उडवले, त्या काठाची घट्ट गुंडाळी करून आत दाबली आणि गेला. गिऱ्हाईक म्हणेल ते करायचं, उगाच वाद कशाला, असा त्याचा हिशेब.

कापड म्हणजे कापड. पाण्याने फुगलं, मग कुजलं, आणि तोटी कितीही आवळली तरी बारीक धार चालूच. धार मोरीच्या दगडावर पडे आणि शिंतोडे उडत. पूजेला पाणी घेताना ते शिंतोडे नानांच्या धोतरावर उडायला लागले. त्यावर नानांनी स्वतः तोड काढली. बाजारातून सायकलच्या रबरी ट्यूबचा तुकडा आणला, एक टोक तोटीला सुतळीने बांधलं आणि दुसरं खालच्या दगडी कुंडीत सोडलं. कुंडी म्हणजे ज्यात खरकटी भांडी विसळायची, पाय धुवायचे, मैनेची दुपटी बुचकळायची ती. गावभर शेणातून फिरलेल्या सायकलीची नळी सोवळ्याला चालली, बरं का. चामडं तेवढं चालत नव्हतं.

उन्हाळा होता. नळाला पाणी सकाळी यायचं, मग बंद व्हायचं, आणि संध्याकाळी पुन्हा यायचं. कुंदाबाईच्या ध्यानात आधी एवढंच आलं, की दुपारी भांडी घासून कुंडी भरलेली ठेवावी आणि तिसऱ्या प्रहरी यावं तर कुंडी अर्धी. तळाच्या भोकातला बोळा जागच्या जागी, दगडाला चीर नाही. मग पाणी गेलं कुठे? मांजरं काही एवढं पीत नाहीत.

एके सकाळी हंडा भरला आणि त्यात पोकळ्याचं पान तरंगत होतं. शिजलेलं पान, बाजूला तेलाचा तवंग. आदल्या दिवशी घरात पोकळ्याचीच भाजी झाली होती. कुंदाबाई त्या पानाकडे बघत राहिली. तळ्यातून आलेल्या पाण्यात आपल्या घरची भाजी कशी आली, हे कुणी तिला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. सांगणारं कोणी नव्हतं. त्याच दिवसापासून मैनेला हगवण लागली.

तिने हंडा ओतला आणि दुपारभर मोरीत बसून राहिली. नळाचं पाणी बंद झालं, तोटीत गुळगुळ आवाज झाला, आणि कुंडीतलं पाणी हळूहळू खाली उतरायला लागलं. तिने नळीचं कुंडीतलं टोक तळहातावर धरलं. नळीने तळहात ओढून घेतला, चांगला चिकटला. तेव्हा तिला कळलं. वर पाणी बंद केलं की उतारावरच्या नळीतलं पाणी नदीकडे ओघळतं आणि जाताजाता मागचं ओढून नेतं. तोटी तर कधी बंदच नाही. खरकटं, दुपट्यांचं, पायांचं सगळं पाणी दुपारी नळात शिरायचं आणि संध्याकाळी तेच हंड्यात यायचं. तळपायाची आग तिच्या मस्तकात गेली.

खात्री असूनही तिने दुसऱ्या दिवशी कुंडीत मूठभर हळद कालवली. संध्याकाळी पाणी आलं ते पिवळंधमक. तिने ते कळशीत भरून अभिमनपुढे ठेवलं. अभिमनने कळशीत बघितलं, नानांच्या खोलीकडे बघितलं, आणि म्हणाला, "बघू."

मग मैनेला मांडीवर घेऊन ती ओसरीत आली. पोरीचं तोंड सुकलेलं, पण सांगितलेलं तिने इमानाने सांगितलं, की आजोबा, कुंडीतलं पाणी नळात जातं. नाना हसले. म्हणाले, "पानी खालतून वर चढस का कधी?" हळदीचं सांगितलं तर म्हणाले, त्या हनीफच्या हाताचा दोष असेल. काय बोलावं आता. ज्याने तोटीला हात लावला त्याच्यावर ढकललं, आणि ज्याने नळी बांधली तो नामानिराळा.

कुंदाबाईने नळी सोडून टाकली. नानांनी ती पुन्हा बांधली. तिने पुन्हा सोडली, आणि पूजेला उतरताना त्यांनी पुन्हा बांधली, आवळून, दुहेरी गाठीने. तेव्हा तिने निदान पिण्यापुरतं ठरवलं, की पाणी खळखळ उकळायचं, मग गाळायचं, माठ रोज आतून घासायचा, आणि वाटीभर पाणीसुद्धा मैनेला दुसऱ्या कुणाच्या हातून द्यायचं नाही. वैद्याची पुडीही चालू होती.

तरी पोरीची हगवण थांबेना. पोट खपाटीला गेलं, डोळे खोल गेले. कुंदाबाईला आधीच्या पोराचं तोंड दिसायला लागलं. पाणी उकळलेलं, भांडं राखेने घासलेलं, मग हे विष पोरीच्या पोटात जातंय कुठून?

एके सकाळी पूजा झाल्यावर तिला ते दिसलं. नाना देवघरातून आले, हातात तीर्थाची वाटी आणि पळी. मैना अंथरुणावर पडलेली. त्यांनी मायेने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पळीभर तीर्थ तिच्या तोंडाशी नेलं. माया खोटी नव्हती हो, म्हाताऱ्याचा पोरीवर जीव होता. पण देवाला घातलेलं ते पाणी तोटीतून, त्या रबरी नळीतून, पहिल्या धारेचं भरलेलं. रोज सकाळ-संध्याकाळ, कुंदाबाई चुलीपाशी असताना, ते असंच पाजत होते. जितकी पोर आजारी, तितकं तीर्थ जास्त.

कुंदाबाईला नेहमीसारखं म्हणायचं होतं, मैना, आजोबांना सांग. पण मैनेला आता बोलायचंही त्राण नव्हतं. सासऱ्याला निरोप पोचवणारं ते एकच तोंड होतं, आणि ते आता पळीपुढे उघडं पडलेलं. कुंदाबाईने पदर डोक्यावर ओढला, पुढे झाली आणि पोरीच्या ओठांवर स्वतःचा पंजा आडवा धरला. तीर्थ तिच्या हातावर सांडलं.

"नाना, हाई पानी मन्ही पोरले देऊ नका."

लग्नानंतर सासऱ्याशी बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य. नानांच्या हातातली पळी तशीच राहिली. मग ते ताडकन उठले, घरात धर्म उरला नाही, सून तीर्थ लाथाडते, असं बरंच बोलले आणि उपरणं टाकून देवळात निघून गेले. अभिमन दारात उभा होता. तो म्हणाला, एवढं करायला नको होतं. कुंदाबाईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिचे डोळे ओसरीतल्या खुंटीवर गेले होते.

खुंटीवर मोट टांगलेली होती. नानांच्या वडिलांनी शिवून घेतलेली, बैलांच्या जोडीने विहिरीतून पाणी ओढायची मोठी चामडी मोट. मळ्यावर आता नवी मोट चाले, पण ही जुनी नानांनी घरी आणून जपली होती. दसऱ्याला तिला झेंडूची माळ पडे, हळदकुंकू लागे. नाना रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, या मोटेच्या पाण्याची गोडी काय सांगू, पाटातून ओंजळीने पीत आम्ही मोठे झालो. रोज सांगत. चामड्याच्या मोटेखाली उभं राहून सांगत, आणि त्या घरात इतक्या वर्षांत कुणालाही काही खटकलं नव्हतं.

कुंदाबाईने मोट खाली घेतली. गल्लीतल्या पोरीला धाडून हनीफला बोलावलं. हनीफ आला, पण ओट्याच्या खालीच थांबला. देवळातली बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. तो म्हणाला, वहिनी, नानांनी सांगितल्याशिवाय मी तोटीला हात लावायचा नाही, आधीच माझ्या हाताचं नाव निघालंय. कुंदाबाई त्याच्यावरही कडाडली. कापडाने पाणी दबत नाही हे तुला ठाऊक होतं, तोटी उघडी राहिली की खालचं पाणी आत ओढलं जातं हेही ठाऊक असणार, मग तोंड का शिवून बसलास?

हनीफ खाली बघत म्हणाला, "मला विचारलं कोणी, वहिनी?"

"लेकरू मरनं म्हंजे इचारतील?"

 हनीफने पिशवीतून पाना काढून ओट्यावर ठेवला, जुनी झिजलेली चकती मापाला ठेवली, आणि जुनं चामडं कडक असेल तर तेलात भिजवा, एवढं सांगितलं. पुढचं तो खालूनच सांगत गेला, कुठे फिरवायचं, किती आवळायचं.

चाकू पाट्यावर पाजळून कुंदाबाईने मोटेच्या पोटातून, नेमक्या हळदकुंकवाच्या डागाशेजारून, एक गोल तुकडा कापला. अभिमन म्हणाला, अगं, नाना काय म्हणतील. ती म्हणाली, त्यांना जे म्हणायचं ते पोर बरी झाल्यावर म्हणू देत. चकती गोड्या तेलात मुरवली. दुपारी पाणी बंद असताना तोटी उघडली, धोतराचा कुजका बोळा काढला. त्याला असा वास येत होता की तिने तो चिमट्यात धरून बाहेर टाकला. चकती बसवली, तोटी आवळली. रबरी नळी चाकूने उभी चिरून उकिरड्यावर फेकली. मग संध्याकाळी पाणी आलं तशी तोटी मोकळी सोडून दिली, घाण सगळी वाहून जाईपर्यंत, आणि नंतर बंद केली. धार थांबली. एक थेंबसुद्धा नाही.

नाना परतले, आणि मोरीतला रोजचा आवाज बंद झालेला त्यांना आधी जाणवला. मग खुंटीकडे लक्ष गेलं. मोट पुन्हा जागेवर होती, पोटात गोल भोक पडलेली. त्यांनी त्या भोकात बोट घातलं आणि वळून सुनेकडे बघितलं.

कुंदाबाई मैनेचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली होती. उठली नाही. म्हणाली, "या मोटनं पानी जलमभर पिधं ना तुम्ही, नाना? तीच शे आते नळमां. इटाळ म्हनत व्हशात तर तुमना बापनाबी इटाळ म्हना."

नाना खुंटीखाली बसले. बराच वेळ उपरण्याची घडी घालत आणि मोडत राहिले. बापाला विटाळ कसा म्हणणार, आणि नाही म्हणावं तर तोटीला काय म्हणणार. शेवटी हळूच बोलले, "मोटनं चामडं येगळं ऱ्हास." कुंदाबाई मनात म्हणाली, असू दे वेगळं. तिला वाद जिंकायचा नव्हता, पोर वाचवायची होती. त्या दिवसापासून देवाचं पाणीही तिनेच भरलं, उकळून निववलेलं, आणि नानांनी ते मुकाट्याने घेतलं.

हळूहळू मैनेची हगवण थांबली. पोरीने भाकरी मागितली, मग मिरचीचा ठेचा मागितला, मग कुंदाबाईने चोरून रडून घेतलं.

इथे गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला सांगायलाही बसलो नसतो. पण नानांनी काय करावं? देवळात जाऊन सांगितलं, की मोटेचं चामडं शुद्ध, पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात मुरलेलं, नळाला तेच लावावं, मी माझ्या घरी लावलं. बुवांनीही मान डोलावली म्हणतात. झालं. गल्लीतल्या सोवळ्या घरांनीही आपापल्या तोट्यांत चिंध्या कोंबल्याच होत्या, आणि नानांचं बघून रबरी नळ्याही कुंड्यांत सोडल्या होत्या. ते सगळे एका संध्याकाळी मोटेचे तुकडे मागायला ओट्यावर येऊन बसले. नाना मधोमध. मोट मांडीवर. तोताराम म्हणाला, नाना, तुम्ही डोकं लावलं म्हणून, नाहीतर कुणाला सुचलं असतं. आणि नाना हसून म्हणाले, "पोरगीबी तीर्थनी बरी व्हयनी."

आत पाण्याचा तांब्या भरत असलेल्या कुंदाबाईने ते ऐकलं. चकतीचं श्रेय घेतलं ते घ्या, तिला त्याचं काही नव्हतं. पण तीर्थाने बरी झाली म्हणे. उद्या याच ओट्यावरून उठून ही माणसं घरी जातील, कुंडीत सोडलेली नळी तशीच ठेवतील, आणि आजारी पोराच्या तोंडात पळीपळीने तेच पाणी घालतील.  पाहुण्यांसाठी पाणी मागवलेलं होतं, म्हणून ती तांब्या-पेले घेऊनच बाहेर आली आणि सगळ्या पुरुषांसमोर उभी राहिली. पाणी कुणाला दिलं नाही.

"नाना," ती म्हणाली, "नळले ती रबरनी नळी कोनी बांधेल व्हती?"

  नाना मोटेवरची शिवण चाचपत राहिले, जणू ऐकूच आलं नाही. सून बोलली तर ऐकू यायचं नाही, ही त्या घरची जुनी सोय.

आईच्या मागे दाराच्या चौकटीला धरून मैना उभी होती. हातात भाकरीचा तुकडा. आजोबांना ऐकू आलं नाही की आपण सांगायचं असतं, एवढं तिला ठाऊक होतं. ती पुढे आली, नानांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाली, "आजोबा, आई इचारस, नळी कोनी बांधेल व्हती?"

नानांनी तिच्याकडे बघितलं. तिचं मनगट अजून काडीसारखं होतं.

"मी बांधी व्हती," ते म्हणाले. आणि मग, ओट्यावरच्या माणसांकडे न बघता, "तुमन्या नळ्याबी सोडी टाका बठ्ठ्या. आणि पानी उकळी पेवा. सूनले इचारा, ती सांगी."

कुंदाबाईने पदर सारखा केला आणि पेल्यांत पाणी ओतायला घेतलं. पहिला पेला नानांना दिला.